पान गेलं, पत्ता राहिला

या महिन्यात आलेली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची निघाली : वेबसाइटवरून पान काढून टाकलं, पण सर्च केलं की ते अजून येतंच आहे. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. आज हा एकच विषय.

प्रश्न : ताई, आमच्या संस्थेच्या वेबसाइटचं काम मी बघते. जुन्या उपक्रमांची चाळीसेक पानं मी तीन आठवड्यांपूर्वी डिलीट केली. संस्थेचं नाव गूगलवर टाकलं की ती अजून यादीत दिसतात. क्लिक केलं की 'पान सापडले नाही' येतं. लोक फोन करून विचारतात आणि कार्यकारिणीच्या बैठकीत मला उत्तर द्यावं लागतं. माझं डिलीट करण्यात काही चुकलं का?

तुमचं काही चुकलेलं नाही. पानं गेली आहेत, गूगलला ते अजून कळलेलं नाही.

वेबसाइटच्या कामात येण्याआधी मी नऊ वर्षं ग्रंथालयात होते. तिथे तालिकेच्या कार्डांचे लाकडी खण होते. एका पुस्तकाची तीन-चार कार्डं असायची : एक लेखकाच्या नावाचं, एक पुस्तकाच्या नावाचं, एखाद-दुसरं विषयाचं. पुस्तक जीर्ण होऊन बाद केलं की ही सगळी कार्डं खणातून काढायची असतात. पण पुस्तक कपाटातून काढायला एक मिनिट लागतं आणि कार्डं शोधून काढायला अर्धा तास. त्यामुळे कार्डं राहून जायची. वाचक क्रमांक लिहून आणायचे, आम्ही कपाटापाशी जायचो आणि रिकाम्या हाताने परत यायचो. तुमच्याकडे फोन करणारे लोक तेच अनुभवत आहेत. कपाट तुमचं आहे, पण कार्डांचा खण गूगलचा आहे आणि त्यात तुम्हाला हात घालता येत नाही.

गूगल असो वा बिंग, आपण शब्द टाकतो तेव्हा ते वेबसाइटवर जाऊन शोधत नाहीत. त्यांनी आधीच फिरून तयार केलेल्या सूचीत, म्हणजे इंडेक्समध्ये, शोधतात. फिरण्याचं काम क्रॉलर नावाचा प्रोग्राम करतो. गूगलच्या क्रॉलरला गूगलबॉट म्हणतात. तो तुमच्या पानावर पुन्हा येईल, पान नाही हे बघेल, मगच सूचीतली नोंद जाईल. रोज बदलणाऱ्या पानावर तो वारंवार येतो. वर्षानुवर्षं न बदललेल्या, कुठून फारशी लिंक नसलेल्या पानाकडे क्वचित फिरकतो. जुनी झाली म्हणून तुम्ही जी पानं काढलीत, नेमकी तीच त्याच्या फेरीत मागे असतात. तीन आठवडे लागण्याचं कारण हे.

आता एक गोष्ट मात्र आजच तपासा. ब्राउझर पान मागतो तेव्हा सर्व्हर, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवलेली असते तो संगणक, मजकुराच्या आधी एक तीन आकडी कोड पाठवतो. २०० म्हणजे पान आहे, घ्या. ४०४ म्हणजे पान सापडलं नाही. ४१० म्हणजे पान होतं, पण कायमचं काढलं आहे. आम्ही दाखलनोंदवहीत पुस्तकापुढे 'बाद' लिहून तारीख टाकायचो, ४१०चा अर्थ अगदी तोच. ४०४ आणि ४१० या दोन्हींनी पान सूचीतून जातं. वेगातला फरक इतका थोडा आहे की त्यासाठी जिवाचा आटापिटा करू नका.

घोटाळा होतो तो तिसऱ्याच ठिकाणी. पडद्यावर मोठ्या अक्षरात 'हे पान उपलब्ध नाही' लिहिलेलं असतं आणि सर्व्हर मात्र २०० पाठवत असतो. माणसाला 'नाही' आणि यंत्राला 'आहे' असं सांगणारं हे पान. याला सॉफ्ट ४०४ म्हणतात. गूगल पुष्कळदा मजकुरावरून ते ओळखतं, पण प्रत्येक वेळी ओळखेलच असं नाही. एका वेबसाइटवर मी या एकाच कारणाने महिनाभर चाचपडले होते. चित्रासकट छान बनवलेलं ते 'उपलब्ध नाही'चं पान बघून मला वाटत होतं की सगळं जागच्या जागी आहे. कोड बघायचं सुचलंच नव्हतं.

कोड बघणं अवघड नाही. संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एफ१२ दाबा, नेटवर्क नावाचा भाग उघडा आणि काढलेल्या पानाचा पत्ता टाका. वरच्याच ओळीत स्टेटस दिसेल. ४०४ किंवा ४१० असेल तर तुमच्या बाजूचं काम झालं. २०० असेल तर वेबसाइट बनवणाऱ्याला फोन करा आणि सांगा, 'न सापडलेल्या पानाला खरा ४०४ गेला पाहिजे.' एवढं वाक्य त्यांना पुरेल. गूगलचं सर्च कन्सोल, म्हणजे आपली वेबसाइट गूगलला कशी दिसते ते मालकाला दाखवणारी सोय, तुमच्या वेबसाइटला जोडलेलं असेल, तर त्यात यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये पत्ता टाकून 'टेस्ट लाइव्ह यूआरएल' करा. गूगलबॉटला आत्ता काय दिसतं ते तिथे कळतं.

लवकर व्हावं म्हणून मी आणखी दोन कामं करते. एक, वेबसाइटच्या इतर पानांवरून काढलेल्या पानांकडे जाणाऱ्या लिंक शोधून काढते. दुसरं काम उलटं वाटेल : काढलेल्या पत्त्यांचा एक वेगळा साइटमॅप, म्हणजे क्रॉलरसाठीची पत्त्यांची यादी, करून, त्यात काढल्याची तारीख टाकून, थोडे दिवस सर्च कन्सोलमध्ये ठेवते. इथे बदल झाला आहे असा निरोप त्यातून जातो आणि क्रॉलर फेरी मारण्याची शक्यता वाढते. नोंदी गेल्या की तो साइटमॅप काढून टाकायचा. बिंगसाठी इंडेक्सनाऊ नावाची सोय आहे, मायक्रोसॉफ्ट आणि यांडेक्स यांनी २०२१मध्ये सुरू केलेली. काढलेल्या पानांचे पत्तेही तिला कळवता येतात. गूगल मात्र त्यात नाही.

कार्यकारिणीला सांगताना एक तारीख सांगू नका. अशा कामासाठी मी वही ठेवते. पानाचा पत्ता, काढल्याची तारीख, कोड तपासल्याची तारीख, नोंद गेल्याची तारीख, असे चार रकाने. माझ्या वहीत एकाच दिवशी काढलेली दोन पानं आहेत. एक चौथ्या दिवशी गेलं, दुसऱ्याला अडीच महिने लागले. तुम्हीही अशी वही ठेवा आणि पुढच्या बैठकीला घेऊन जा. चाळीसपैकी किती गेली हे दाखवता आलं की जाब विचारण्याचा सूर बदलतो.

प्रश्न : काढलेली पानं गूगलने बघूच नयेत म्हणून मी रोबोट्स डॉट टीएक्सटी फाइलमध्ये त्यांना बंदी घातली. दोन महिने झाले, पानं अजून दिसतात. आता तर त्यांच्याखाली मजकुराऐवजी 'माहिती उपलब्ध नाही' असं काहीतरी येतं.

ही बंदी आजच काढा. या विषयात सर्वांत जास्त लोक इथेच अडकतात आणि अडकतात तेही काळजीपूर्वक काम करणारेच.

ती फाइल क्रॉलरला सांगते की या पत्त्यावर येऊ नका. पान सूचीतून काढा, असं ती सांगत नाही. तुम्ही दार लावून घेतलंत, आता घर रिकामं आहे हे बाहेरच्याला कळणार कसं? गूगलबॉट शहाण्यासारखा बंदी पाळतो, आत येत नाही आणि त्यामुळे तुमचा ४०४ त्याला कधीच दिसत नाही. त्याच्याकडे फक्त पत्ता उरतो, कुठूनतरी आलेली लिंक उरते आणि मजकूर नसलेली ती बोडकी ओळ दिसत राहते. बंदी उठवा म्हणजे तो आत येईल, पान नाही हे बघेल आणि नोंद जाईल.

रोबोट्सची पद्धत १९९४ची आहे. क्रॉलरांच्या वर्दळीने सर्व्हरवर ताण येऊ नये यासाठी ती निघाली. २०२२मध्ये तिचं अधिकृत मानक झालं, पण तिचा हेतू तोच राहिला आहे. काही जण त्याच फाइलमध्ये नोइंडेक्स, म्हणजे 'सूचीत घेऊ नका', अशी ओळ लिहीत, तीही १ सप्टेंबर २०१९पासून गूगल मानत नाही.

नोइंडेक्स ही मात्र खरोखर उपयोगी सूचना आहे. तिची जागा पानाच्या आत, मेटा टॅगमध्ये, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या कोडच्या ओळीत, असते. पान लोकांना लिंकवरून बघू द्यायचं आहे, पण सर्चमध्ये यायला नको आहे, तेव्हा ती वापरायची. तीसुद्धा वाचायला क्रॉलरला आत यावं लागतं, हे विसरू नका. नोइंडेक्स लावून वर रोबोट्समध्ये बंदी घातलेली मी किती वेबसाइटवर पाहिली आहे, ते सांगून तुम्हाला खरं वाटणार नाही.

प्रश्न : मॅडम, फार घाईचं आहे. शिबिरासाठी नाव नोंदवलेल्यांची यादी चुकून वेबसाइटवर पीडीएफ म्हणून गेली. त्यात सगळ्यांचे फोन नंबर आणि घरचे पत्ते आहेत. पान मी लगेच डिलीट केलं, पण कुणाचंही नाव शोधलं तर ती यादी उघडते.

या पत्राला मी लगेच वेगळं उत्तर पाठवलं होतं. पण अशी वेळ कुणावरही येऊ शकते, म्हणून तेच इथे देते.

यादी उघडते आहे, याचा अर्थ फाइल सर्व्हरवर अजून आहे. तुम्ही काढलंत ते पान, पीडीएफ नाही. पीडीएफला स्वतःचा वेगळा पत्ता असतो. वर्डप्रेसमध्ये तर लेख डिलीट केला तरी त्याला जोडलेली फाइल मीडिया लायब्ररीत तशीच राहते. आधी तिथून फाइल काढा. मग खासगी विंडोत तिचा पूर्ण पत्ता टाकून बघा. तरीही उघडली, तर मध्ये कुठेतरी तिची प्रत साठवलेली आहे. वेबसाइटचा वेग वाढवायला कॅश प्लगइन किंवा सीडीएन (वेबसाइटच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणारी सेवा) वापरत असाल, तर तिथली प्रतही पुसावी लागते. फाइल खरोखर उघडेनाशी होईपर्यंत पुढचं काही करू नका. आधी गूगलच्या मागे लागण्यात लोक जो वेळ घालवतात, तेवढा वेळ नंबर उघडे पडलेले असतात.

फाइल गेली की सर्च कन्सोलमध्ये रिमूव्हल्स नावाच्या भागात जा आणि टेम्पररी रिमूव्हलची विनंती टाका. पत्ता हाताने टाइप करू नका, सर्चमधून कॉपी करा, कारण त्यात लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचाही फरक धरला जातो. सहसा एका दिवसाच्या आत नोंद दिसेनाशी होते. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, असे एकाच पत्त्याचे अवतार एका विनंतीत झाकले जातात.

झाकले जातात, हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. ही सोय नोंद सुमारे सहा महिने दिसू देत नाही, इतकंच. त्या सहा महिन्यांत तुमचा ४०४ गूगलबॉटला दिसला पाहिजे, म्हणजे नोंद कायमची जाते. फाइल सर्व्हरवर तशीच ठेवून फक्त ही विनंती केली, तर सहा महिन्यांनी यादी पुन्हा वर येऊ शकते. तेव्हा ती कुणाच्या ध्यानीमनीही नसते.

बिंगच्या वेबमास्टर टूल्समध्ये अशीच ब्लॉक यूआरएलची सोय आहे, तिची मुदत जास्तीत जास्त ९० दिवस. तीही करा. आणि विनंती करताना 'या पत्त्याने सुरू होणारी सगळी पानं' हा पर्याय जपून निवडा. तिथे वेबसाइटचा नुसता मुख्य पत्ता टाकलात, तर अख्खी वेबसाइट सर्चमधून दिसेनाशी होईल.

हे सगळं झाल्यावर यादीतल्या प्रत्येकाला कळवा. काय उघड झालं, केव्हापासून केव्हापर्यंत, तुम्ही काय केलं. सांगायला जड जातं, मला माहीत आहे. पण एखाद्याने घर बदललं असेल ते कुणालातरी टाळण्यासाठीच, हे यादी बघून आपल्याला कळत नाही. त्या व्यक्तीला आजच्या आज कळायला हवं.

प्रश्न : वेबसाइट माझी नाही. दुसऱ्या एका वेबसाइटवर माझ्याविषयी जुनी, चुकीची माहिती होती. मी विनंती केल्यावर त्यांनी तो परिच्छेद काढला, पान मात्र आहे. आता माझं नाव शोधलं की त्या पानाच्या खाली काढलेल्या परिच्छेदातल्याच दोन ओळी दिसतात. त्यांना पुन्हा सांगायचा मला संकोच वाटतो.

त्यांना पुन्हा सांगायची गरज नाही. यासाठी गूगलची एक सोय कुणालाही वापरता येते, वेबसाइटची मालकी लागत नाही. तिचं नाव 'रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट'. पान पूर्ण गेलं असेल किंवा पान आहे पण त्यातला मजकूर बदलला असेल, अशा दोन्ही वेळी ती चालते. आपल्या गूगल खात्यातून आत जायचं आणि पानाचा पत्ता द्यायचा.

पान अस्तित्वात असेल तर ते एक शब्द विचारतात : आधी होता आणि आता पानावर कुठेच नाही, असा शब्द. विनंत्या नाकारल्या जातात त्या बहुतेक याच पायरीवर. लोक स्वतःचं नाव देतात आणि ते नाव पानावर दुसरीकडे कुठेतरी राहिलेलं असतं. म्हणून आधी पान उघडा, कंट्रोल एफ दाबून शब्द शोधा आणि एकदाही सापडत नाही असाच शब्द द्या. काढलेल्या परिच्छेदातलं एखादं गावाचं नाव, एखादं वर्ष, एखादा वेगळा शब्द चालतो. नाव नको. विनंती मान्य झाली की त्या दोन ओळी जातात आणि गूगल पान पुन्हा वाचून नवीन मजकूर घेतं. नाकारली गेली तर शब्द बदलून पुन्हा करा, त्याला काही बंधन नाही.

तुमच्यासारख्याच आणखी दोघींनी विचारलं आहे की समोरच्याने काहीच काढलं नसेल तर काय. मग ही सोय चालणार नाही, कारण मजकूर जुना झालेला नाही, तो तिथेच आहे. फोन नंबर, ईमेल, घरचा पत्ता असं काही असेल तर गूगलकडे वेगळी विनंती करता येते. एप्रिल २०२२मध्ये त्यांनी त्यासाठीचे नियम बरेच मोकळे केले. युरोपीय संघातल्या लोकांसाठी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा १३ मे २०१४चा निकाल आहे. आपल्या नावाने शोधल्यावर येणारी गैरलागू झालेली माहिती यादीतून काढायला त्या निकालाने सर्च इंजिनांना भाग पाडलं. पण या दोन्ही मार्गांनी जातं ते कार्ड, पुस्तक कपाटातच राहतं. म्हणून वेबसाइटच्या मालकाला सभ्य, नेमकं पत्र लिहिणं हा मार्ग मी नेहमी पहिला धरते. कुठल्या पानावरची कुठली ओळ, ती का चूक आहे आणि बरोबर काय, एवढंच लिहायचं. तुम्ही ते केलंत आणि त्यांनी ऐकलं. त्यात संकोच करण्यासारखं काहीच नव्हतं.

प्रश्न : काढलेल्या सगळ्या पानांचे पत्ते मुख्य पानाकडे वळवले तर ४०४ची कटकटच राहणार नाही ना?

असं करू नका. ३०१ने, म्हणजे कायमच्या बदलीने, पत्ता वळवायचा तो त्या पानाची जागा घेणारं दुसरं पान खरोखर असेल तेव्हा. जुन्या नियमावलीचं पान नव्या नियमावलीकडे वळवा, उत्तमच, आणि निदान वर्षभर तरी ते वळण ठेवा. पण बंद झालेल्या वाचनवर्गाची माहिती शोधत आलेला माणूस तुमच्या मुख्य पानावर उतरला, तर तो आधी गोंधळतो, मग सगळीकडे शोधतो आणि शेवटी निघून जातो. सरळ 'हा वर्ग बंद झाला' असं वाचून त्याचा वेळ तरी वाचला असता. गूगलही अशा सरसकट वळवण्याला सॉफ्ट ४०४ धरतं, त्यामुळे पदरात काही पडत नाही. शिवाय जुन्या पत्त्यावर वेगळ्याच विषयाचं नवीन पान ठेवू नका. बाद पुस्तकाचा दाखलक्रमांक आम्ही दुसऱ्या पुस्तकाला कधी देत नसू, त्याच कारणाने.

प्रश्न : पूर्वी रिझल्टच्या शेजारी 'कॅश्ड' म्हणून जुनी प्रत बघायला मिळायची. ती आता दिसत नाही. मग काढलेलं पान कुठेच उरत नाही, असं समजायचं का?

तसं समजू नका. गूगलने ती लिंक २०२४च्या सुरुवातीला बंद केली हे खरं. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'अबाउट धिस पेज'मधून वेबॅक मशीनकडे जाणारी लिंक दिली. वेबॅक मशीन हे इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेचं काम. संस्था १९९६ची आणि हा संग्रह लोकांना खुला झाला २००१मध्ये. तुमचं पान त्यांनी टिपलेलं असेल, तर तुम्ही काढल्यावरही ते तिथे तारखेनिशी दिसतं. वेबसाइट आपली आहे हे दाखवून त्यांना ते काढायची विनंती करता येते.

माझं मत विचाराल तर, कुणाला इजा होत नसेल तर अशी विनंती करू नका. बंद पडलेल्या संस्थांचे अहवाल, हरवलेल्या नियतकालिकांच्या सूची मला तिथेच सापडल्या आहेत आणि त्या इतर कुठेही नव्हत्या. फोन नंबर आणि पत्ते असतील तर मात्र जरूर करा.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा आहे. वीस वर्षं चालवलेली वेबसाइट आता बंद करतोय. होस्टिंगचं नूतनीकरण केलं नाही की सगळं आपोआप जाईल, असं मुलगा म्हणतो. बरोबर आहे का?

जाईल, पण तुमच्या मनासारखं जाणार नाही, काका. सर्व्हर नुसता बंद झाला की क्रॉलरला उत्तरच मिळत नाही. 'पान नाही' आणि 'उत्तर नाही' यांत फरक आहे. उत्तर नसेल तर काही बिघाड असेल असं धरून तो पुन्हा पुन्हा येऊन बघतो. गूगल थोड्या दिवसांनी नोंदी काढतं, पण त्या अवधीत तुमचे वाचक बंद दारावर येत राहतात आणि त्यांना कुणी काही सांगत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट डोमेनची, म्हणजे तुमच्या वेबसाइटच्या नावाची. ते सोडून दिलं की काही काळाने ते कुणालाही विकत घेता येतं. वीस वर्षांत जमलेल्या लिंक, तुमच्या नावाची ओळख, सगळं त्या नव्या मालकाकडे जातं. त्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती आल्याचं मी एकाहून जास्त वेळा पाहिलं आहे. त्या डोमेनवरच्या ईमेलने तुम्ही कुठे खाती उघडली असतील, तर तीही धोक्यात येतात. त्या खात्यांचा ईमेल आधी बदला.

म्हणून असं करा. होस्टिंग आणखी काही महिने ठेवा. मुख्य पानावर चार ओळींचा निरोप ठेवा : वेबसाइट बंद केली आहे, अमुक तारखेपासून. बाकी सगळ्या पत्त्यांना ४१० पाठवायला सांगा. मुलाला हे एका ओळीच्या नियमात करता येईल. सर्चमध्ये इंग्रजीत साइट (site) लिहून कोलन द्या आणि पुढे जागा न सोडता तुमच्या वेबसाइटचा पत्ता टाका. महिन्यातून एकदा हे करून किती पानं उरली याचा अंदाज घ्या. ती संपत आली की होस्टिंग सोडा. डोमेन मात्र आणखी काही वर्षं स्वतःच्या नावावर राहू द्या.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी वेबसाइटची पूर्ण प्रत घरच्या संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी उतरवून घ्या. वीस वर्षांचं लेखन आहे. ते आधी जपा, मग पुसा.

प्रश्न : सर्च कन्सोलमध्ये 'नॉट फाउंड ४०४'ची यादी वाढत चालली आहे. वर्षापूर्वी काढलेली पानंही त्यात आहेत. ही यादी शून्यावर आणायला काय करू?

काही करू नका. ती तुमच्या चुकांची यादी नाही. गूगलबॉटने विचारलं आणि तुमच्या सर्व्हरने खरं उत्तर दिलं, त्याची ती नोंद आहे. एकदा माहीत झालेला पत्ता तो वर्षानुवर्षं अधूनमधून तपासून बघतो, पान परत आलं असेल म्हणून. फक्त यादीवरून एकदा नजर फिरवा आणि तुम्ही न काढलेलं एखादं पान त्यात आहे का ते बघा. तसं सापडलं तर मला पत्ता आणि तारीख लिहून पाठवा, आपण शोधू.